वाऱ्याचा बंदोबस्त

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात माझे पाय गेले. त्याआधी पंधरवडाभर गावात ताप होता. टँकर आला की सगळं गाव हंडे घेऊन एकमेकांच्या अंगावर खोकायचं. त्यामुळे ताप सगळ्यांना सारखा मिळाला, पाणी मात्र नाही. माझा ताप चार दिवसांत उतरला. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी बाजेवरून उठायला गेले, तर पाय माझं ऐकेनात.

"अंगावरून वारं गेलं," चुलत्यांनी निदान केलं. लकवा म्हणजे वारं आणि वाऱ्याला कबुतराचं रक्त, हे आमच्याकडे शाळेत न जाताच येतं. भर उन्हाळ्यात खिडकीला गोणपाट ठोकलं, दाराला घोंगडी लावली. गावातली कबुतरं पाण्यामागे कधीच उडून गेली होती, म्हणून चुलते अहमदपूरहून एक घेऊन आले. तीन दिवस मालिश झाली. वारं काही आत आलं नाही, मलाच ते श्वासाला कमी पडायला लागलं. तेव्हा आईनं गोणपाट ओरबाडून काढलं आणि मला परतणाऱ्या टँकरच्या केबिनमध्ये घातलं.

लातूरच्या दवाखान्याची पाटी नवी होती, खाटा जुन्याच. तरुण डॉक्टरनं विचारलं, "आधी ताप येऊन गेला होता?" हे कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना आलेला ताप हा काय आजार झाला? तो म्हणाला, विषाणूशी लढायला अंगानं फौज उठवली. विषाणू गेला, तरी ती थांबली नाही. ओळख चुकून आता नसांनाच मारतेय. बहुतेकदा आपोआप थांबते, पण तोवर श्वास टिकला पाहिजे.

"आपलीच फौज आपल्याला कशी मारंल? कायबी सांगायलेत," चुलते हसले. गाव तालुका व्हावं म्हणून झालेल्या आंदोलनात त्यांनीच दगडांनी फोडलेल्या एसटीतून ते मला भेटायला आले होते. काच नव्हती, म्हणून कानाला मफलर बांधून.

डॉक्टरनं आईला एकच काम दिलं. रोज सकाळी मला एका दमात आकडे म्हणायला लावायचे. पहिल्या दिवशी एकोणीस झाले. मग चौदा, मग नऊ. आई शाळेत गेली नव्हती, पण आकडे कुठल्या दिशेनं चाललेत ते तिला कळत होतं. मी फार भ्याले होते. ती माझ्याहून जास्त भ्याली होती, म्हणून दिवसभर माझी वेणी सोडून पुन्हा घालत होती.

चौथ्या सकाळीही नऊच. पाचव्या सकाळी मी अकरा म्हटलं. आईनं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "परत म्हण, माय."