मेंदीनंतर नीळ

मी चौथी शिकलो, मग गिरणीत लागलो, आणि आयुष्यात कधी डोकं रंगवलं नाही. माझ्या वयाचे लोक काळी डोकी घेऊन हिंडतात, भुवया मात्र पांढऱ्या. मला हसू यायचं. माझे पांढरे केस काय मी चोरून आणलेत?

घरात रंग लावायची ती माझी बायको. लोखंडी कढईत मेंदी भिजायची, चहाच्या पाण्यात, आवळा आणि माका घालून. दुसऱ्या दिवशी निळीच्या पानांची पावडर. कपड्यांची नीळ नव्हे, ही वेगळी, झाडाची. दुपारभर ती डोक्याला फडकं बांधून बसायची आणि खोलीला ओल्या गवताचा वास यायचा. माझा थोरला भाऊसुद्धा मेंदी लावायचा, पण नुसतीच. नारिंगी डोकं घेऊन फिरायचा आणि वर मिशीला पीळ द्यायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. आमचा तोंडवळा एकच.

गेल्या दिवाळीनंतर ती विसरायला लागली. आधी गॅस, मग मोरीचा नळ, मग मला. एका दुपारी मी दळण घेऊन आत आलो तर ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. घाबरली की तिच्या तोंडी गावची भाषा येते.

"ह्यो म्हातारो कोण? भायर जा! आमचे हे घरात नाय आसत!"

"अगं, मीच."

"आमच्यांचे केस काळे. तू समोरसून इलंस. मी बघलंय तुका."

समोर म्हणजे समोरची चाळ. ती कधीच रिकामी केली आहे, पाडायची आहे. खिडक्या काढून नेल्यात, नुसती भोकं उरलीत. बायको रोज गॅलरीत उभी राहून त्या भोकांकडे बघायची, पण तिथं काय दिसतं ते मला दाखवायची नाही, लपवायची. मी मागून गेलो की आत निघून जायची. त्यानंतर मीही त्या बाजूला पाठ करून बसायला लागलो. का, ते सांगता येणार नाही.

डॉक्टर म्हणाले, आजार आहे, असंच चालायचं. चालायचं काय? माझ्या हातचं ती जेवेना. ताट ठेवून मी बाहेर गेलो की दोन घास खायची. एवढा संसार केलेली बाई मला परका म्हणून घराबाहेर काढते, हे मला सहन होईना. तिनं मला ओळखावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी डोकं काळं करावं लागत असेल तर करू, म्हटलं.

कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? एवढी वर्षं डोळ्यासमोर बघितलेलं. तिच्या डब्यातली मेंदी घेतली, नीळ घेतली, दोन्ही एकाच कढईत घालून रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी ती झोपलेली असताना मोरीत बसून थापलं. दोन तासांनी धुतलं आणि आरशात बघितलं, तर आरशात माझा भाऊ.

खोटं नाही सांगत. नारिंगी डोकं, तेच गाल, तीच मान. मी आरशापासून बाजूला झालो, पण जरा वेळानं पुन्हा बघावंसं वाटलं.

बाहेर आलो. ती जागी होती. ओरडेल म्हणून मी दाराशीच थांबलो. ती उठली, पदर डोक्यावरून घेतला, नजर खाली केली.

"भावोजी, कदी इलात? बसा. च्या टाकतंय."

उलट पावली मोरीत जावंसं वाटलं. पण मी बसलो. काय करणार? कित्येक दिवसांनी तिनं मला बस म्हटलं होतं.

चहा तिनं खरंच केला. साखर बरोबर, आलं बरोबर. मला पितळी भांड्यात दिला, कारण भाऊ कपातून प्यायचा नाही. ते मीसुद्धा विसरलो होतो. मग दाराच्या आडोशाला उभी राहून बोलायला लागली, दिरासमोर बोलायची तशी, हळू.

"तुमचो भाव मोठो हट्टी. दात दुखलो तरी सांगूचे नाय. पण माका कधी एकटी टाकून गेले नाय. आता खंय गेले?"

"येईल," मी म्हटलं. माझा आवाजही मला भावासारखा वाटला.

"तुम्ही गेल्यावर ते आठ दिवस बोलले नाय."

मी भांडं खाली ठेवलं. ती त्याच्याशी बोलत होती आणि तो मेलाय हे तिला माहीत होतं. माहीत असून चहा देत होती. वर म्हणाली, "थंयसून येताना त्रास झालो?"

थंयसून म्हणजे तिथून, भाऊ गेला तिथून. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग मान हलवली, जणू मिळालं.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "काका! लग्न ठरलं की काय? आम्हाला पत्रिका नाही?" मी तिला गॅलरीत घेऊन गेलो, सगळं सांगितलं. ती हसत होती ती थांबली.

"अहो काका, मेंदी रात्रभर भिजवतात. नीळ नाही. नीळ भिजवली की लगेच लावायची, नाहीतर मरते. तुम्ही मेलेली नीळ लावलीत."

"मग आता?"

"आता ताजी लावायची, ह्याच मेंदीवर. माझ्याकडे आहे. आधी हिरवट दिसेल, घाबरू नका. उद्यापर्यंत काळं होतं."

आतून बायको म्हणत होती, "भावोजी, जाव नका हां. तुम्ही आसलात की तो म्हातारो येना नाय." मला वाटलं, राहावं असंच. जेवते तरी आहे. पण मला ती माझी बायको म्हणून हवी होती, भावजय म्हणून नव्हे.

नीळ लावली. धुतल्यावर डोकं शेवाळासारखं दिसलं. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे बघेचना, मी खोलीत नसल्यासारखी वावरत राहिली. दुसऱ्या दिवशी केस काळेभोर. ती माझ्यासमोर आली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अहो."

एवढंच. पण ते तिचं अहो. मी तोंड मोरीकडे केलं.

"काल भावोजी इल्ले. तुमची वाट बघून गेले," ती म्हणाली. माझ्या हातचा वरणभात खाल्ला. पुढचे दिवस बरे गेले. मी तिच्या मागून गॅलरीत गेलो तर ती मला समोरची भोकं दाखवायची, बोट करून मोजायची, कुठल्या भोकात कोण.

मग कानशिलाजवळ पांढरं उगवलं. मुळाशी, बारीक रेघ. मला दिसायच्या आधी तिला दिसलं. ताट बाजूला सारून ती जवळ आली, दोन बोटांनी केस फाकवले.

"तो हयच आसा," ती कुजबुजली. "तुमच्या डोक्यातसून भायर येता."

"कोण?"

"म्हातारो. तुमका कळूक नाय?"

मी कढई काढली, पण तिनं ती माझ्या हातातून घेतली. मेंदी किती, पाणी किती, तिच्या हातांना सगळं येतं, त्यांना काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी मला पाटावर बसवून निळीचा काला बोटांनी भांगात दाबत ती बोलत होती. माझ्याशी नव्हे, दोन बोटं खाली, मुळांपाशी जो आहे त्याच्याशी.

"जा रे बाबा. जा आता. आमचे आसत हय, तुजी गरज नाय."

काला थंड होता, मानेवरून ओघळत होता. ती ओरडत नव्हती, समजावत होती, पाहुण्याला वाटेला लावावं तशी. मी मान खाली घालून बसलो. हललो तर तिला कळलं असतं, आत कोण ऐकतंय ते.