सदर इसमाच्या चपला

नाव: जुसोह बिन आवांग. वय: एकसष्ट. वास्तव्य: कोता भारूजवळ, केलांतान. पायाचे माप: नऊ. हुद्दा: शाळेचा भांडारपाल, निवृत्त. सदर इसमाने एकतीस वर्षे प्रत्येक नवी वस्तू हाती येताच पिशवीत घातली, दुहेरी गाठ मारली आणि ठेवून दिली. त्याच्या ताब्यातील एकही वस्तू कधी गहाळ झालेली नाही. तसे मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिले आहे. शाळेचा पृथ्वीगोल मुलांना कधी दिसला नाही, ही गोष्ट वेगळी.

असा हा जुसोह आयुष्यातल्या पहिल्या सहलीला निघाला आणि क्वालालंपूरच्या विमानतळावर भर दुपारी पुरता दमला. तो पहाटे चारपासून जागा होता. बायकोचे, मेक याहचे, गुडघे सुजले होते. तिला किनाबालू डोंगर बघायचा होता. स्वयंपाकघरात अकरा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरावर तो अजून लटकत होता. ते पान तिने कुणाला उलटू दिले नव्हते. तिकडचे विमान सुटायला सव्वा तास होता, आणि त्याचे दार, बाणांवर विश्वास ठेवायचा तर, पुढच्या जिल्ह्यात असावे.

वाटेत नमाजाची खोली लागली. मेक याह बायकांच्या बाजूने आधी जाऊन आली आणि बाकावर डोळे मिटून बसली. मग जुसोहने मुलीने घेऊन दिलेल्या नव्या तपकिरी चपला काढल्या, नीट ठेवल्या, बॅग बायकोच्या पायाशी सरकवली आणि आत गेला.

बाहेर आला तेव्हा दाराशी एकच तपकिरी जोड होता. जुना, झिजलेला, एका मापाने लहान.

"गेल्या," तो म्हणाला.

"काय गेल्या?"

"चपला. कुणीतरी माझ्या घालून गेला आणि ह्या ठेवल्या. येईल परत. त्याच्या पायाला कळेलच की."

"अहो, तो एव्हाना जपानला पोचला असेल. घाला त्या आणि चला."

"दुसऱ्याची वस्तू कशी घेऊ?"

"त्याने कशी घेतली?"

"चुकून."

"मग तुम्हीही चुकून घ्या!"

जुसोह बाकावर बसला. फरशी पुसणारी बाई म्हणाली, "काका, इथे हे रोजचंच आहे. परवा एकजण दोन्ही डाव्या घालून जेद्दाला गेला."

वीस मिनिटे गेली. कुणी आले नाही. मग वरच्या भोंग्यातून दोघांची नावे पुकारली. मेक याह गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तुम्ही बसा राखण करत. मी डोंगर बघून येते."

ती लंगडत निघाली. कोपऱ्यापर्यंत पोचायलाच तिला तीनदा भिंत धरावी लागली. जुसोहने तिच्या पाठीकडे पाहिले, जोडाकडे पाहिले, बॅग उचलली आणि पाय आत कोंबले. टाचा बाहेर राहिल्या. बायकोचा दंड धरून तो तसाच फटाफट चालत राहिला. दार बंद होता होता दोघे आत शिरले; शेवटचे.

"बाम द्या," खुर्चीत पडल्यावर मेक याह म्हणाली.

त्याने बॅग उघडली. बामच्या बाटलीखाली एक पिवळी पिशवी होती. तिला दुहेरी गाठ होती.

जुसोहने बाम दिला आणि बॅग बंद केली.

विमान उडाले तेव्हा सदर इसमाच्या ताब्यात चपलांचे दोन जोड होते.