छान आहे म्हणून निघून जाणारी माणसं

गाडीवर पाटी होती, पाटीवर ढळढळीत 'बंगलोर' लिहिलेलं होतं, तरी अण्णांनी आधी कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला. दोघांचं उत्तर एकच आलं तेव्हा कुठे त्यांनी माझी ट्रंक टपावर चढवू दिली. ट्रंकेत साड्या कमी आणि ग्लेझच्या पावडरींचे डबे जास्त. ग्लेझ म्हणजे भाजलेल्या भांड्यावर चढतो तो काचेसारखा लेप. मी मातीची भांडी करते, तेव्हाही करायचे. कलाशाळेत पाच वर्षं तेच शिकले होते.

कोल्हापूरच्या स्टँडवरची ती संध्याकाळ मला अजून स्वच्छ दिसते. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, लग्नाला दोन महिने झाले होते. श्रीकांतला सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी लागली होती. तिथे नक्की काय करायचं असतं हे आमच्या घरात कुणालाही सांगता येत नव्हतं, श्रीकांतसकट. माझा धाकटा भाऊ नंदू उगाच टायरला लाथा मारत उभा होता. अण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, "फार गोड बोलतील त्यांच्यापासून जरा लांबच राहा." बस्स. पोरीला निरोप देताना बाप काय बोलतो आणि आमचे अण्णा काय बोलले! पण त्यांचा स्वभावच तसा. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, विश्वास कुणावरच नाही. तो वारसा मला सगळाच्या सगळा मिळाला. घर नंदूला मिळालं, संशय मला.

तुम्ही वाचणारी मंडळी तिकडे महाराष्ट्रात राहिलात आणि आम्ही इकडे आलो. तुम्हाला वाटतं, आम्हाला इथे एकटं वाटलं असेल. तसं नाही हो. माणसं खूप भेटली, आणि सगळी गोड. हाच तर घोळ होता. कोल्हापुरात मी भांडं दाखवलं की कुणीतरी म्हणणारच, "हे वाकडं का झालंय गं?" इथे सगळे म्हणत, "व्हेरी नाइस." एकानेही कधी वाकडं म्हटलं नाही. इतकी सगळी माणसं खरं बोलत असतील यावर माझा काय विश्वास बसणार?

जयनगरात आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहिलो त्या अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. मराठीच, पण तीन-चारशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या घराण्यातल्या. "आमचे लोक घोड्यावरून आले, तुम्ही बसनं," असं पहिल्याच दिवशी मला ऐकवलं. नवरा गेलेला, एक मुलगी, ती दिल्लीला. मागच्या गॅरेजमध्ये मी विजेची भट्टी बसवली तेव्हा अक्का "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणाल्या खऱ्या, पण भट्टी पेटली की येऊन मीटरसमोर उभ्या राहायच्या. मी मनात म्हटलं, या बाईला भट्टी नकोय, फक्त बोलून दाखवत नाहीये. मग मीही त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

आल्याला तीन वर्षं होत आली आणि अण्णा गेले. फोन अक्कांच्या घरीच आला, कारण आमच्याकडे फोन नव्हता. बस धरली. ती हुबळीच्या अलीकडे बंद पडली. संध्याकाळी आम्ही कोल्हापुरात पोचलो तेव्हा घरात फरशी धुऊन झाली होती आणि नंदू डोकं भादरून ओसरीवर बसला होता. मला म्हणाला, "थांबता आलं नाही, ताई." एवढंच. थांबता आलं नाही की थांबायचं नव्हतं? मी तिथेच भांडले त्याच्याशी. सुतकातल्या घरात, आल्यागेल्यांसमोर. मग वर्षभर आमचं बोलणं दिवाळीच्या कार्डापुरतं उरलं.

त्या वर्षात मी वेड्यासारखं काम केलं. महात्मा गांधी रस्त्यामागच्या गल्लीत एक छोटा हॉल होता, त्याच्या मालकीणबाई उटीच्या बोर्डिंगात आणि पुढे परदेशात वाढलेल्या. त्यांना माझं काम आवडलं. आठवडाभराचं प्रदर्शन ठरलं, विक्रीसकट, माझं पहिलंच. मी मनाशी पक्कं केलं होतं, हे चाललं तर भट्टी राहील. नाही चाललं तर भट्टी विकून टाकायची आणि कुठल्यातरी शाळेत ड्रॉइंग शिकवायला जायचं. मला या गावात कुंभारीण म्हणून राहायचं होतं. नुसतं श्रीकांतची बायको म्हणून राहायचं तर मग कोल्हापूर सोडलं कशाला?

वाडगे होते, कप होते, लोणच्याच्या बरण्या होत्या. पण माझा जीव होता कारंज्यावर. आपल्याकडचं असतं तसं गोल पोटाचं मडकं चाकावर काढलं, ग्लेझ न लावता मातीच्या रंगाचंच ठेवलं आणि पोटावर एकाखाली एक तीन भोकं पाडली. इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून शोभेच्या माशांच्या टाकीत घालतात तसला छोटा पंप आणला. त्याने पाणी मडक्यात चढायचं आणि तिन्ही भोकांतून बारीक धारा खालच्या थाळीत पडायच्या. तीनच का? एक पाडलं तर नळ वाटत होता, पाच पाडली तर पाणी पुरेना. मालकीणबाई म्हणाल्या, "सो एथ्निक!" आणि ते त्यांनी दाराच्या बरोबर समोर मांडलं.

वाचता वाचता तुमच्यापैकी कुणाच्या अंगावर आत्ताच काटा आला असेल, तर तो बहुधा पुरुषाच्या, हे मी पैजेवर सांगते. माझ्या अंगावर आला नव्हता.

उद्घाटनाला श्रीकांतच्या ऑफिसातली पोरं आली. पुण्याची, नागपूरची, गळ्यात ओळखपत्र घातलेली. आत शिरली, कारंजं पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. मग "छान आहे वहिनी" म्हणून सामोसे खाऊन पसार झाली. दुसऱ्या दिवसापासून तेच. लोक दारात यायचे, हसरा चेहरा एकदम उतरायचा, मान हलवून म्हणायचे "नाइस, चन्नागिदे," म्हणजे छान आहे, आणि परत रस्त्यावर. आत येऊन वाडगे बघावेत, कप हातात धरावा, तर नाव नाही.

मग माझं डोकं चालू लागलं. मालकीणबाईंनी किमती मला न विचारता वाढवल्या असणार. मी पाट्या पुन्हा पुन्हा तपासल्या, किमती त्याच होत्या. मग वाटलं, दुसऱ्या कुणा कलाकाराने माझ्याविषयी काहीतरी पसरवलं असणार. श्रीकांत संध्याकाळी यायचा तेव्हा कारंज्याकडे पाहायचा आणि नजर खाली घालायचा. याला माझी लाज वाटते, दुसरं काय? आणि सगळ्यांवर कळस म्हणजे अक्का. त्या रोज सकाळी बसने यायच्या, दाराजवळची खुर्ची धरायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी हळू आवाजात कन्नडमध्ये बोलायच्या. माझं कन्नड भाजी आणण्यापुरतं. कानावर 'पाप' एवढा शब्द यायचा. निम्मे लोक त्यांचं ऐकून निघून जायचे. मला लख्ख कळलं. भट्टी घालवायची ही युक्ती. माल खपला नाही की भाडेकरीण आपसूकच भट्टी मोडणार.

चौथ्या दिवशी एक जोडपं असंच दारातून परतलं आणि माझा तोल गेला. मी सरळ अक्कांसमोर जाऊन उभी राहिले. "काय सांगता तुम्ही माझ्या गिऱ्हाइकांना?"

अक्का घाबरल्या-बिबरल्या नाहीत. म्हणाल्या, "ते पाणी आधी बंद कर."

"का म्हणून?"

"बंद कर गं. मग स्वल्प बस इथं."

मी प्लग काढला. धारा थांबल्या. अक्कांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"स्मशानात कधी गेलीस का?"

"बायका कुठे जातात आमच्याकडे?"

"ते दिसतंयच. मी गेले होते. आमच्या यजमानांचं मडकं लेकीनं धरलं. भाऊबंद नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेतात. एक फेरा झाला की दगडानं एक भोक. दुसरा फेरा, दुसरं भोक. तिसरा फेरा, तिसरं. पाणी गळत राहतं. मग फोडतात. तू तेच दारात मांडून ठेवलंस, बाई. लोक आत येतील कसे?"

मी विचारलं, मग तुम्ही लोकांना सांगत काय होता?

"काय सांगणार! पोरीला माहीत नाही, वर्सापूर्वी बाप गेलाय, पापा, मनावर घेऊ नका, बाजूनं आत जा, कप चांगले आहेत. चार-दोन तरी माझं ऐकून आत गेले, ते नाही दिसले तुला." कन्नडमध्ये पाप म्हणजे 'बिचारी', हे मला श्रीकांतने नंतर सांगितलं.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू बोलतेस कुठं माझ्याशी?" अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी श्रीकांत आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तुला माहीत होतं? होतं. आजोबांच्या वेळी त्याने पाहिलं होतं. मग बोलला का नाहीस? त्याने चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. अण्णांसाठी. विचारलं तर तुला त्रास होईल." त्याच्या ऑफिसातली पोरंही तसंच समजली होती. म्हणजे चार दिवस अर्धं शहर माझ्या बापाच्या दुःखाचा मान राखून दारातून परत जात होतं, आणि मी इकडे किमतीच्या पाट्या तपासत होते.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले आणि नंदूला फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "अण्णांच्या मडक्याला तीन भोकं होती?"

तो म्हणाला, "हो. शेजारच्या बापूंनी पाडली. पाणी सगळं माझ्या पाठीवरून उतरलं, ताई. इतकं गार होतं. तोवर मी रडलो नव्हतो." मीटरचे आकडे पळत होते. "बारापर्यंत थांबलो होतो. तुझी बस कुठे आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग लोकच म्हणाले, आता नको."

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? आल्या आल्या भांडायलाच लागलीस."

एका दिवसात दोघांनी मला तेच ऐकवलं. बूथवाला काचेतून बघत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि यथेच्छ रडले.

कारंजं दारातून हललं. उरलेल्या दिवसांत वाडगे गेले, कप गेले, बरण्या तर एकीने सगळ्याच उचलल्या. अक्का खुर्चीवर होत्याच, आता मोठ्या आवाजात. भट्टी राहिली. नंतर मी या गावात कितीतरी प्रदर्शनं केली. आता लोक फोनवर फोटो काढतात, अंगठा दाखवतात आणि जातात. 'छान आहे' म्हणायचेसुद्धा कष्ट नाहीत. संशयी मी अजूनही आहे. भट्टी उघडताना, गिऱ्हाइकाचा चेक घेताना, डॉक्टरने हसून "काही नाही" म्हटल्यावर. पण तो संशय मनात ठेवून घोळवत बसत नाही. तोंडावर विचारते. लोक दचकतात, दचकू देत.

त्या मडक्याचं काय करायचं हा प्रश्न होता. अक्का म्हणाल्या, घराच्या आवारात नको, हेब्बाळच्या तळ्यावर नेऊ. रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. माझ्या मांडीवरचं मडकं पाहून दोन रिक्षावाल्यांनी हात झटकले. तिसऱ्याला अक्का "अण्णा, अण्णा" करत राहिल्या. इथे रिक्षावाल्यालाही अण्णाच म्हणतात, आणि वर्षभर तो शब्द रस्त्यात कुठेही कानावर पडला की माझं काळीज हलत होतं. हेब्बाळ तेव्हा गावाबाहेर होतं. आता त्या तळ्यावरून उड्डाणपूल गेलाय आणि गाड्यांच्या आवाजात आपलंच बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा काठावर चिखल होता, गवत होतं आणि एक धोबी कपडे आपटत होता.

"फेरे-बिरे नकोत," अक्का म्हणाल्या. "नुसतं पाणी भर, चार पावलं चाल आणि मागं टाक."

श्रीकांतने मडकं भरून माझ्या उजव्या खांद्यावर ठेवलं. पाणी पाठीवरून उतरलं, ब्लाउज भिजला, साडी भिजली. नंदू म्हणाला होता तसंच गार. मी चार पावलं चालले की सहा, मला आठवत नाही. अण्णा गेले हे त्या चिखलात मला पहिल्यांदा पटलं. खांदा झटकून मी मडकं मागे सोडलं. ते फुटल्याचा आवाज आला.

"आता चल. मागं बघायचं नाही."

श्रीकांत मुकाट्याने निघाला. मीही निघाले. पण मी केलेलं भांडं कसं फुटलं, हे न बघता मी कशी जाणार? मी वळले.

"अगं ए, बघू नको म्हटलं ना! अक्कल आहे का तुला?" अक्का इतक्या जोरात ओरडल्या की धोब्याचा हात वरच्या वर थांबला.

बंगलोरला येऊन चार वर्षं झाली होती, आणि माझ्यावर कुणी ओरडण्याची ही पहिलीच वेळ होती. ओल्या साडीत कुडकुडत मी तिथे उभी राहिले, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.