वाडग्यातली चाल

आमच्या अण्णाचा गळा चांगला होता, हे आधीच कबूल करते. नाहीतर मी सूडापोटी लिहिते आहे असं कुणीतरी म्हणेल. सूडापोटीच लिहिते आहे. पण गळा चांगला होता.

आम्ही बंगळुरातल्या चामराजपेटेतले, कित्येक पिढ्या इथंच मुरलेले मराठी लोक. घरात वडिलांची पायपेटी होती. तिचा भाता पायानं चालवायचा, म्हणून दोन्ही हात मोकळे राहायचे. वडील गेल्यावर दर गुरुवारी अण्णा, माझा थोरला भाऊ, भजन म्हणायचा आणि पेटीवर मी. कॉन्व्हेंटात मी पियानो शिकले होते, त्याचा त्याच्या लेखी एवढाच उपयोग.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी कँटोन्मेंटमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. तिथला एक अँग्लो-इंडियन कारकून शनिवारी दुपारी हॉटेलात ड्रम वाजवायचा. पियानो, बास आणि ड्रम, असं तिघांचं त्रिकूट. त्यांचा पियानोवाला ऑस्ट्रेलियाला निघून गेला. “शनिवारी ये, यातली तीन गाणी वाजवून दाखव, जागा तुझी,” म्हणत त्यानं मला स्वतःची एक लाँग-प्ले तबकडी दिली. अशाच एका त्रिकुटाची, परदेशातून बहिणीनं पाठवलेली. होतं जॅझच, पण ठेका कमरेत शिरणारा. तो त्याला फंक म्हणायचा.

तबकडीवरच्या पियानोवाल्याचा डावा हात एकच हट्टी तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, सम येण्याच्या किंचित आधी धक्का द्यायचा, आणि उजवा वाटेल तिकडे भटकून यायचा. मी ते घरच्या पेटीवर बसवायला घेतलं; पेटीचा सूर लांबत राहतो, म्हणून पट्टी दाबली की लगेच बोट उचलायचं. दोन दिवसांत पहिलं गाणं बोटांत बसलं. आपल्याला खरंच काही येतं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

बुधवारी ऑफिसातून आले तर टेबलावर एक काळा, कडेला चुण्या पाडलेला वाडगा. त्यात केळी. जुन्या तबकड्या कढत पाण्यात मऊ करून असे वाडगे करायची तेव्हा टूम होती, आणि अण्णा कारखान्यात टूलरूमला. हात कसबी.

“कसा झालाय?” तो म्हणाला. “दोन दिवस ती धडधड ऐकतोय मी. आता स्वल्प उपयोग तरी झाला.”

“अण्णा, ती माझी नव्हती. लोकांची होती.”

“मग त्यांना सांग, वाडगा घेऊन जा म्हणून.”

शनिवारी हॉटेलात मी एकच गाणं वाजवलं आणि मग तबकडीचं काय झालं ते सांगितलं. ड्रमवाला ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता ड्रमचे स्क्रू आवळत राहिला. जागा एका चर्चमधल्या वादकाला मिळाली. मी बसनं घरी आले, आणि येतानाच ठरवलं की अण्णावर याचं उट्टं मी काढणार.

तीन महिने थांबले. अण्णाचे मोठे साहेब, पुण्याचे, एका गुरुवारी भजनाला येणार होते. अण्णा आठवडाभर हळदीचं दूध पीत होता.

पहिलं कडवं मी शहाण्या मुलीसारखी वाजवलं. दुसऱ्याला डावा हात सोडला. तोच हट्टी तुकडा. तबलेवाले शेजारचे काका आधी दचकले, मग हसले आणि माझ्याबरोबर आले. अण्णा समेवर आला तेव्हा सम निघून गेली होती. पुन्हा आला, पुन्हा चुकला.

“सरळ वाजव की!” तो दातओठ खात पुटपुटला. तिसऱ्यांदा त्याचा आवाजच फुटला नाही. साहेब मात्र मांडीवर ठेका धरून बसले होते.

“वा! हे काय होतं? नुसती पेटी ऐकवा बघू.”

मी पहिलं गाणं अथपासून इतिपर्यंत वाजवलं. अण्णा हातात झांज घेऊन तसाच बसलेला.

“कुठली हो ही चाल?” साहेबांनी विचारलं.

“तुमच्यासमोरच्या वाडग्यातली.”

त्यांनी केळी बाजूला काढली, वाडगा उलटा करून बुडाला चिकटलेलं अर्धं लेबल वाचलं. “अरेरे! हे कुणी केलं?”

“अण्णानं,” मी म्हटलं. “हात फार चांगला आहे त्याचा.”

त्यानंतर आमच्याकडे गुरुवारचं भजन झालं नाही. अण्णा कुठंच गायला नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही. लोक हळहळायचे. मला बरं वाटायचं.

कितीतरी वर्षांनी तो अंथरुणाला खिळला, तेव्हा एका दुपारी म्हणाला, “त्या गुरुवारचा अभंग वाजव गं.” मी पेटी ओढून घेतली. उजव्या हातानं अभंग वाजवला, डावा तबकडीचाच ठेवला. त्यानं ओठ उघडले, सम शोधली, आणि मिटून घेतले.

“अजून राग आहे?”

“आहे,” मी म्हटलं, आणि पुढचं कडवं घेतलं.