दसऱ्याला बसलेली बॅटरी

आमच्या घरात पहिली मोटार आली ती सासूबाईंच्या खुब्यामुळे. यांना हे आवडत नाही, पण मी सगळ्यांना सांगते. बाजार नुकताच खुला झाला होता. ज्या स्कूटरसाठी सासऱ्यांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, ती आता दुकानात जाऊन बोट दाखवलं की मिळत होती. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलांवरची मंडळी कर्ज काढून गाड्या घेत होती. आम्हीही घेतली, छोटी पांढरी. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा शिरली तेव्हा लोकांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.

कारण साधं होतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई मोरीत घसरल्या, खुबा मोडला, आणि त्यानंतर रिक्षात चढणं म्हणजे त्यांना शिक्षा झाली. त्यांची थोरली बहीण, आक्का, दिलसुखनगरला लेकीकडे राहायची. दर दसऱ्याला सासूबाई तिला सोनं द्यायला जात, आपट्याची पानं पदरात बांधून, सकाळी, तोंडात काही न घालता. दोन दसरे हुकले. आक्काची नजर जवळजवळ गेली होती. त्या वर्षी श्रावणात ती फोनवर म्हणाली, "दसऱ्यापर्यंत टिकते का नाही, देवीला ठाऊक. येशील ना ग?" सासूबाई म्हणाल्या, "येते. गाडी आहे आता आपली."

दसऱ्याची सकाळ उजाडली. हे आदल्या रात्रीच दौऱ्यावरून आले होते. पंचमीपासून गाडी खाकी कापडाच्या कव्हराखाली उभी होती. यांनी कव्हर काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सासूबाई इरकल नेसून पायरीवर बसल्या होत्या. एरवी सणाच्या दिवशी त्या नुसत्या सूचना करत असतात. त्या दिवशी गप्प होत्या. उपासाने थकल्या असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही.

यांनी चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. हॉर्न दाबला, तोही मुका.

गाडी सुरू झाली नाही, पण मी झाले. मी साताऱ्याची, आवाज मुळातच मोठा. "दौऱ्यावर जाताना टेप चालू ठेवून गेलात ना?"

"मी? कव्हर घालायच्या आधी काचा पुसायला कोण गेलं होतं?"

"मी काचा बाहेरून पुसल्या! कव्हरात शिरून गाणी नाही ऐकली!"

मग गल्लीतले चौघं जमले आणि झेंडूचा हार घातलेली आमची गाडी धक्का मारत मारुतीच्या देवळापर्यंत नेली. तिथून परत आणली. पुन्हा नेली. एक जण म्हणाला, "भाभी, तुमे चिल्लाते सो जोर धक्के में लगाव." मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. साडेनऊ झाले होते. आक्का दारात खुर्ची टाकून बसली आहे, असा तिच्या लेकीचा दोनदा फोन येऊन गेला होता. आणि त्या तिरमिरीत मी भर अंगणात बोलून गेले, "ज्यानं कुणी हा उद्योग केलाय ना, त्याला काही काळीज आहे की नाही? म्हातारी बाई तिकडे डोळे लावून बसलीये!"

सासूबाईंनी पदराची गाठ घट्ट धरली. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, बहिणीच्या आठवणीनं असेल.

हे मिस्त्री शोधायला गेले. दोन गॅरेजं पालथी घातली, दोन्ही बंद. आयुधपूजेची हत्यारं हळदीकुंकू लावून देवापुढे मांडलेली, आज पान्याला हात लावायचा नाही. तिसरा तेलुगू मिस्त्री स्टेशनच्या मागे घरातच राहायचा. तो आला. स्कूटरवर पायांमध्ये एक भरलेली बॅटरी आणि खांद्यावर दोन जाड वायरी. "पाने पूजा में हैं, साब," तो म्हणाला. "वायरां नै रखा मैं पूजा में."

त्याने दार उघडलं, आत डोकं घातलं, वर पाहिलं आणि छताला असलेल्या छोट्या दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं. "ये किसने चालू छोड़ा जी? पाँच-छे दिन जला ये. पूरी बैठ गई बैटरी."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "मी."

आम्ही वळलो. सासूबाई त्या छताच्या दिव्याकडे बोट दाखवत होत्या.

"पंचमीला लावला. घरात घटापुढे अखंड दिवा आहे, तो घराचा. हा आक्काचा. जी गाडी मला तिच्याकडे नेणार, तिच्यात दसऱ्यापर्यंत दिवा ठेवीन, असं देवीला बोलले होते. गाडीत तेलाचा कसा लावायचा? म्हणून हा." मग श्वास घेऊन म्हणाल्या, "अष्टमीला मंद झाला. काल संध्याकाळी बघते तर विझलेला. नवरात्रात दिवा गेला ग. मी नाही येत. मी गेले आणि तिला काही झालं तर?"

रोज संध्याकाळी काठी टेकत जाऊन त्या कव्हराचं टोक उचलत होत्या. मला दिसायचं. खाली मांजर शिरलंय का बघत असतील, असं वाटायचं मला. आणि काल रात्रभर त्या हे एकट्यानं घेऊन बसल्या होत्या, त्यावर सकाळी माझं ते काळजाचं भाषण. मला इतकी लाज वाटली की मी तुळशीकडे बघत उभी राहिले.

"आई, तसं काही नसतं," हे म्हणाले. ते असंच म्हणणार. सासूबाई उठून आत जायला लागल्या.

मिस्त्री एवढा वेळ वायरी सोडवत होता. तो वर न बघता म्हणाला, "अम्मा, दीया बुझा नै. तेल खतम हुआ सो है. मैं तेलिच लेको आया ना."

सासूबाई उंबऱ्यात थांबल्या. घरातल्या समईत तेल संपत आलं की आपणच तर घालतो, हे त्यांच्या मनात आलं असावं. निदान माझ्या आलं. मी पुढे झाले, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला, बघू या."

त्याने वायरींची टोकं बॅटरीला लावली. छतावरचा तो करंगळीएवढा दिवा आधी तांबूस झाला, मग चांगला पिवळा. सासूबाईंनी भर उन्हात हात जोडले. इंजिन घरघरलं, गल्लीतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"एक घंटा बंद नक्को करो," मिस्त्री म्हणाला. "और बत्ती बंद रखो."

"बत्ती बंद नक्को!" सासूबाई ओरडल्या. एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"राहू दे चालू," मी म्हटलं.

दिलसुखनगरला पोचलो तर आक्का खरंच दारात होती, इतकी बारीक झालेली की मला क्षणभर ओळखू येईना. सासूबाईंनी गाडीतूनच हाक मारली, "आक्का, मला उतरता येत नाही पटकन. तूच ये." आम्ही तिला धरून आणली आणि मागच्या सीटवर बसवली. आपट्याची पानं या हातातून त्या हातात गेली. आक्कानं मान वर केली. "इथं काहीतरी पिवळं दिसतंय ग मला."

"दिवा आहे. तुझा."

"माझा? मग असू दे."

दोघी तिथंच बसल्या. घरात यायला तयार नाहीत. चहा गाडीतच गेला, साखरभातही. यांनी सवयीनं इंजिन बंद केलं होतं, ते आठवल्यावर ते माझ्या कानाशी आले. "अर्धा तास झाला. दिवा घालव, नाहीतर बॅटरी परत बसेल."

"बसली तर बसू दे," मी म्हटलं. "ढकलायला मी आहे ना."

आणि ढकलली. कमरेला पदर खोचून, आक्काच्या जावयाबरोबर, भर दिलसुखनगरच्या रस्त्यावर. हे चावी धरून पुढे बसले होते, मागे सासूबाई, डोक्यावर दिवा चालू. फाटकात लेकीच्या आधारानं उभी असलेली आक्का आमच्या आवाजाच्या दिशेनं हात हलवत होती. या वेळी गाडी दुसऱ्याच धक्क्याला सुरू झाली. मी धावत जाऊन आत बसले आणि वळून पाहिलं. आक्काचा हात अजून हलत होता. सासूबाई मागच्या काचेतून तिच्याकडे बघत होत्या. वळण येईपर्यंत त्यांनी मान फिरवली नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत आक्का टिकली नाही.