तळहातावरची चिन्हं

परवा लोगो डिझाइनचं एक नवं पुस्तक घरी आलं. पानं उघडताच शाईचा उग्र वास आला आणि मला भिवंडीतलं रुखसानाचं घर आठवलं.

रुखसाना आणि मी मिळून आमच्या छोट्या स्टुडिओत कापडवाल्यांसाठी लोगो, लेबलं बनवायचो. असं पुस्तक हाती लागलं की कामं बाजूला पडायची. कुणी दोन रेघांत पक्षी बसवलाय, कुणी रिकाम्या जागेतूनच अक्षर काढलंय, हे बघताना आमचेही हात शिवशिवायचे. मग तिच्या दोन्ही डोळ्यांचे आतले पडदे सरकले, दिसेनासं झालं. ऑपरेशन होऊनही नजर परत आली नाही.

तरी एका दुपारी मी नवं पुस्तक घेऊनच तिच्याकडे गेले. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. तिने पानांवरून हात फिरवला.

"मला दिसत नाही गं. कशाला आणलंस?"

मी तिचा हात ओढून घेतला आणि पानावरचं चिन्ह बोटाने तिच्या तळहातावर काढलं.

"मासा," ती लगेच म्हणाली. "पण एवढे खवले कशाला? काढून टाक ते."

मी पुन्हा नुसती बाहेरची कड रेखली.

"हां. आता पोहतोय."

तेव्हा वाटलं होतं, मी तिला धीर देतेय. आज वाटतं, ती आपल्या कामाचा निरोप घेत होती. पुन्हा ती स्टुडिओत आलीच नाही.

त्या दुपारी मी असं एकेक चिन्ह काढत गेले. शेवटचं पान झाल्यावर तिने हळूच मूठ मिटली.

"थांब," ती म्हणाली, "हे राहू दे थोडा वेळ."