डबा बांधायला मनाई

सासूबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत कार्ल्सरूहेला आल्या, आणि मी त्यांच्यावर जळायला लागले. उगाच गोड शब्द कशाला वापरू? जळतच होते.

कारण आमची आठ वर्षांची लेक. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देणार जर्मनमध्ये. दर शनिवारी मी तिला ऑनलाइन मराठी वर्गाला बसवते, गोष्टी वाचून दाखवते. मराठीत मागितलं तरच खाऊ, असाही नियम करून पाहिला, तर ती खाऊवाचून राहिली. व्हिडिओ कॉलवर कुणी "हिला मराठी येत नाही का गं?" असं विचारलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं राइन नदीच्या बाजूच्या एका तळ्यावर तंबू घेऊन गेलो. तो भाग ताटासारखा सपाट आहे. खडी काढून उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरतं आणि त्याचीच तळी होतात. आमच्या शेजारी एक म्हातारं जर्मन जोडपं कॅराव्हॅन लावून कायमचा मुक्काम ठोकून होतं. कॅराव्हॅनला कुंपण, आणि कुंपणात चक्क टोमॅटो! नवऱ्याने तंबू उभा केला आणि लगेच आत आडवा झाला. मी पोहे भिजवायला घेतले.

लेकीला पोहता येत नव्हतं. मलाही येत नाही. मला पाण्याची भीतीच वाटते. तिला दोन कोर्स लावले होते, पण दोन्ही वेळा ती काठाला चिकटून रडली. सासूबाई मात्र माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या. त्यांनी पाण्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा उचलला, माझी ओढणी मागितली आणि गावाकडे पत्र्याचा डबा बांधतात तसा तो नातीच्या पाठीला घट्ट बांधला. मग स्वतः पंजाबी ड्रेससकट कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. त्यांना जर्मनचं अक्षरही येत नाही. त्यामुळे लेकीला दुसरा इलाजच नव्हता.

"आजी, सोडू नको! आजी, पाय दमले!"

"दमू देत. मार जोरात! मी आहे ना."

"आजी, बघ, मी तरंगते!"

दुसऱ्या दिवशीही मी काठावर पोह्यांची ताटली घेऊन उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. इतके शनिवार खर्ची घातले मी, आणि मराठी मिळालं कुणाला, तर दोन दुपारी पाण्यात उभं राहणाऱ्या आजीला. मी ताटली खाली ठेवली, तर पोह्यांकडे कुणी बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दोघी डबा बांधून पुन्हा पाण्याकडे निघाल्या तेव्हा मी म्हटलं, "अहो आई, असा डबा बांधून पाण्यात जायला इथे मनाई आहे. फेरबोटन! तिकडे बोर्डावर सगळे नियम लिहिलेत." साफ थाप होती. तो बोर्ड मी धड वाचलाही नव्हता.

"अगं बाई, हो का?" त्या घाबरल्याच. "मग आधी नाही का सांगायचंस! परक्या मुलखात भानगड नको." त्यांनी घाईघाईने गाठ सोडली आणि कुणी बघत तर नाही ना, म्हणून शेजारच्या कुंपणाकडे पाहिलं.

लेक पोहायच्या कपड्यांत, तशीच अनवाणी, बोर्डाकडे गेली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत तिने तो वाचून काढला. मी कांदा चिरायला घेतला.

ती परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. आता ही जर्मनमध्ये भांडणार, असं मी धरूनच चालले होते. त्याचं मला काही वाटत नव्हतं. सासूबाईंना त्यातलं अवाक्षर कळलं नसतं, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती.

हे तिलाही ठाऊक असावं. ती आजीकडे वळली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आजी, तिथे डब्याचं काहीच नाही लिहिलं. आई खोटं बोलली."